रोमन शिपायांची पत्रं वाचायची आहेत, लॅटिन शब्द कुठून सुरू करू?

कोरांटी

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे कोणी ना कोणी भेटतंच म्हणून धागा काढतेय.

मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे न्यूकॅसलला होते. एका रविवारी जावयाने व्हिंडोलांडाला नेलं. रोमन सम्राट हेड्रियनची भिंत बांधायला घेतली इसवी सन 122 मध्ये, पण हे रोमन ठाणं त्याच्याही आधीचं. चिखलात हवा न शिरल्यामुळे चामडं, लाकूड, कापड सगळं टिकलंय. हजारो वहाणाच निघाल्यात, लहान पोरांच्या पायातल्यासुद्धा. आणि निघालीत पत्रं. पोस्टकार्डाएवढे लाकडाचे पातळ पापुद्रे, त्यावर काळ्या शाईने लिहिलेलं. 1973 मध्ये रॉबिन बर्ली यांना पहिली पत्रं सापडली. शाई इतकी पुसट की इन्फ्रारेड फोटो काढल्यावरच अक्षर दिसतं.

घरी येऊन या पत्रांचं संकेतस्थळ उघडलं. 346 नंबरच्या पत्रात कोणीतरी कोणाला तरी कळवतंय की मोजे पाठवलेत, दोन वहाणजोड पाठवलेत आणि चड्ड्याही दोन. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या चड्ड्या! त्या क्षणी ठरवलं की हे मुळातून वाचायचं.

मग चूक केली. नेटवर ‘सैनिकी लॅटिन’ म्हणून एक यादी मिळाली, सीझरच्या युद्धवर्णनांवरून केलेली. तलवार, ढाल, खंदक, ओलीस, वेढा, लढाई. दोन महिने घोकली. मोठ्या उत्साहाने पहिलं पत्र उघडलं तर त्यातला एक शब्द येईल तर शपथ. या पत्रांत कोणी लढतच नाही हो! कॉलेजात संस्कृत होतं, मोडीची परीक्षाही दिलीय, म्हणजे अगदीच कोरी पाटी नाही. कसं शिकू?

(लॅटिन शब्द देवनागरीतच लिहू या का? माझ्यासारख्यांना सोपं जाईल.)

बोरूबहाद्दर

कोरांटीताई, मोडी येते ना? मग अर्धी लढाई तुम्ही न लढताच जिंकलात.

मोडीच्या वर्गात पहिल्या दिवशी काय शिकवतात? सुट्टे शब्द नाही शिकवत, मायने शिकवतात. ‘राजश्री अमुक गोसावी यांसि’, ‘विज्ञापना ऐसीजे’, ‘बहुत काय लिहिणे’. पत्राचं डोकं आणि शेपूट पाठ झालं की मधलं धड तेवढं वाचायचं उरतं. इथेही तेच. ही मंडळी मायन्याबाहेर फारशी जातच नाहीत. माझ्या वहीचं पहिलं पान असं:

सालुतेम: नमस्कार. ‘अमुक तमुकास सालुतेम’, झाली सुरुवात.
फ्रातेर: भाऊ. सख्खा असेलच असं नाही.
दोमिने: स्वामी, साहेब. वरिष्ठाला हाक.
रोगो: विनंती करतो.
वाले: सुखी असा. पत्र संपलं.

एवढ्या पाच शब्दांवर कुठलंही पत्र हातात घेतलं की ‘हे अर्जाचं, हे मित्राचं’ इतकं तरी कळतं.

लिपीचं म्हणाल तर ती मोडीची मावसबहीण. घाईची, वळणदार, शब्द तोडून लिहितीलच याची खात्री नाही. बी अक्षराचं पोट डावीकडे असतं, म्हणजे आपल्याला तो डी वाटतो. सी, पी, टी यांच्यात तर मीही अजून फसतो. मी एक अक्षरतक्ता हाताने काढलाय, स्कॅन करून टाकतो इथे.

उंटावरचा_शहाणा

हे शिकून पोटाला काय मिळणार म्हणे?

कोरांटी

@उंटावरचा शहाणा, दोन मोजे आणि दोन चड्ड्या.

@बोरूबहाद्दर, मायने! हे डोक्यातच आलं नव्हतं. तक्त्याची वाट बघते.

चष्मेबहाद्दर_नाही

थोडा विरोधी सूर लावतो. मायने वगैरे ठीक, पण विभक्त्या आणि क्रियापदं पक्की न करता शब्द गोळा करणं म्हणजे चाळणीत पाणी. सीझरला नावं ठेवू नका. त्याच्याकडे भाषा शुद्ध असते, रूपं नीट शिकता येतात. आधी सहा महिने व्याकरण, मग पत्रं. शिवाय ही पत्रं अशुद्ध लॅटिनने भरलेली आहेत. सुरुवातीलाच अशुद्ध वाचलंत तर तेच डोक्यात बसेल.

नीलमोहर

शाळेत संस्कृत शिकवते, लॅटिन हौसेपुरतं. @चष्मेबहाद्दर नाही यांचं निम्मं पटलं. व्याकरण हवंच. पण मराठी माणसाला ते कोऱ्या पाटीवर शिकायची गरज नाही हो.

या पत्रांत सर्वांत जास्त भेटणारी रचना कोणती? रोगो आणि पुढे क्रियापदाचं एक खास रूप. ‘रोगो मित्तास’. इंग्रजी पुस्तकं या रूपासाठी चार पानं खर्च करतात आणि तरी ते अधांतरीच राहतं. मराठीत? ‘विनंती, पाठवावे.’ संपलं. आपला विध्यर्थ, तो ‘-आवे’, नेमका तिथे बसतो. पेशवे दफ्तरातलं कुठलंही पत्र काढा: ‘पाठवून द्यावे’, ‘आज्ञा व्हावी’, ‘कृपा असो द्यावी’. इंग्रजीवरून लॅटिनकडे जाऊ नका, जुन्या मराठी पत्राच्या वाटेने जा.

एक उदाहरण उलगडून दाखवते. मास्क्लुस नावाचा अधिकारी आपल्या किल्लेदाराला, म्हणजे बताव्हियन नवव्या पलटणीचा प्रमुख फ्लाव्हियुस केरिआलिस याला लिहितो. उद्या काय करायचं त्याचा हुकूम मागतो आणि शेवटी जाता जाता:

‘केर्वेसाम कोम्मिलितोनेस नोन हाबुंत, क्वाम रोगो युबेआस मित्ती.’

केर्वेसाम: बिअर (कर्म आहे म्हणून शेवटी म).
कोम्मिलितोनेस: सोबतचे शिपाई.
नोन हाबुंत: नाही आहे, त्यांच्यापाशी नाही.
क्वाम: जी.
रोगो: विनंती.
युबेआस: आज्ञा करावी.
मित्ती: पाठवली जाण्याची.

‘शिपायांपाशी बिअर उरली नाही, ती पाठवण्याची आज्ञा व्हावी ही विनंती.’ शब्दांचा क्रमसुद्धा जवळजवळ आपलाच, आधी कर्म मग क्रियापद. आता हे आठ शब्द विसरून दाखवा.

खमंग_काकडी

हाहाहा, बिअर संपली म्हणून साहेबाला अर्ज! धाग्याची वाचनखूण साठवली.

चष्मेबहाद्दर_नाही

उदाहरण सुरेख, पण बघा, माझाच मुद्दा सिद्ध झाला. ‘हाबुंत’ चूक आहे. शुद्ध रूप ‘हाबेंत’. व्याकरण शिकलेला माणूस इथे अडखळतो आणि न शिकलेला चुकीचंच पाठ करतो.

गवती_चहा

नायमेखनहून. नेदरलँड्समधलं हे गाव जुन्या बताव्हियन लोकांच्या मुलखातलं, म्हणजे केरिआलिसची पलटण ज्या लोकांतून उभी राहिली ते इथले. त्यामुळे थोडा आपलेपणाने बोलतो.

हे शिपाई रोमचे नव्हतेच. बताव्हियन ऱ्हाइनच्या मुखाजवळचे, तुंग्रियन आजच्या बेल्जियमकडचे. लॅटिन त्यांची घरची भाषा नव्हती, नोकरीची होती. आपले जुने हेडक्लार्क ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहायचे ना, तसलं लॅटिन. त्या इंग्रजीला चूक म्हणून झटकून टाकलं तर आपल्या कचेऱ्यांचा शंभर वर्षांचा कागद वाचताच येणार नाही.

आणि या ‘चुका’ बेशिस्त नसतात. रोजच्या हजेरीच्या अहवालाचा ठरलेला मजकूर बघा: ‘ओम्नेस आद लोका क्वी देबुंत एत इम्पेदिमेन्ता’. म्हणजे सर्व जण जिथे असायला हवेत तिथे आहेत, बाडबिस्तऱ्यासकट. इथे पुन्हा ‘देबेंत’चं ‘देबुंत’. हाबुंत, देबुंत. दोनदा पाहिलं की कान तयार होतो. तसंच ‘आए’चा ‘ए’ होतो, ‘ह’ गळतो, ‘स’ असतो तिथे ‘स्स’ येतो. म्हणून मी सांगेन की मोठ्याने वाचा. डोळ्याला न कळलेला शब्द कानाला कळतो. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसतो तरी आपण वाचतोच की.

बोरूबहाद्दर

+१. मोडीत ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच. संदर्भ सांगतो काय ते.

कोरांटी

वा, धागा रंगला. मी एक नियम करून टाकला: सुटा शब्द वहीत घ्यायचा नाही. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य आणि पत्राचा नंबर. मोबाइलवर अँकी नावाच्या पाठांतराच्या अ‍ॅपमध्ये कार्डं करते, पुढे वाक्य, मागे मराठी.

या आठवड्यात 302 नंबर केलं. ही तर मंडईची यादी निघाली! कोणा नोकराला सांगितलंय: भरडलेल्या शेंगदाण्यांसारखं काहीतरी दोन मोदियुस (हे धान्याचं माप), कोंबड्या वीस, आणि मग ‘माला सि पोतेस फोर्मोन्सा इन्वेनिरे केन्तुम’, सफरचंदं शंभर, देखणी मिळाली तर. पुढे ‘ओवा केन्तुम आउत दुकेन्ता सि इबि आएक्वो एमान्तुर’, अंडी शंभर किंवा दोनशे, तिथे वाजवी भावात मिळत असतील तर. माझी सासू अशीच चिठ्ठी द्यायची. ‘वांगी आण, पण काटेरी असली तरच.’

नीलमोहर

कोरांटीताई, शेंगदाणे नकोत! ते अमेरिकेतून आले, त्या काळी युरोपात नव्हतेच. ‘फाबा’ म्हणजे घेवड्यासारखा बीन, इंग्रजीत ज्याला ब्रॉड बीन म्हणतात तो.

‘केन्तुम’ मात्र छान सापडलं तुम्हाला. हेच आपलं ‘शतम्’. भाषाशास्त्रज्ञांनी संस्कृत-लॅटिनच्या सामाईक भाषाकुळाचे दोन गट पाडले त्यांची नावंच या शब्दावरून आहेत, केंतुम आणि सतेम. आपण सतेमवाले. अशी पाठांतराशिवाय येणारी थोडी पुंजी घ्या: फ्रातेर भ्रातृ, सोरोर स्वसृ, वेस्तिस वस्त्र, नोवेम नव, देकेम दश, दारे मधला दा, स्तारे मधला स्था. ओझ्याचं जनावर ‘युमेन्तुम’, त्यात आपला ‘युज्’ जुंपलेला आहे.

पण फार वाहवत जाऊ नका. ‘पुल्लुस’ म्हणजे कोंबडीचं पिल्लू म्हणून पिल्लूशी नातं जोडणारे लोक भेटतात, तिकडे दुर्लक्ष करा.

कोरांटी

शेंगदाण्याबद्दल कान पकडले. वहीत दुरुस्ती केली.

खमंग_काकडी

मला एक सांगा, क्लाउदिया नावाच्या बाईने बहिणीला वाढदिवसाला बोलावलं ते पत्र यातलंच ना? कुठेतरी वाचलं होतं.

गवती_चहा

यातलंच, 291. पण बहीण नव्हे. क्लाउदिया सेवेरा ही दुसऱ्या ठाण्यावरच्या ब्रोक्खुसची बायको, आणि पत्र केरिआलिसच्या बायकोला, सुल्पिकिया लेपिदिनाला. ‘सोरोर’ मैत्रीचं. आपल्याकडे शेजारणीला ताई म्हणतात तसं.

तारीख आहे ‘सप्टेंबरच्या इदुसआधी तिसरा दिवस’. इदुस तेराला. रोमन मोजणीत तेरा धरूनच मागे जायचं: तेरा, बारा, अकरा. म्हणजे 11 सप्टेंबर. मी पहिल्यांदा दहा काढली होती.

या पत्राचा बहुतेक भाग लेखनिकाच्या सफाईदार अक्षरात आहे. शेवटच्या ओळी वेगळ्या, जराशा अडखळत्या हाताच्या. त्या क्लाउदियाच्या स्वतःच्या. बाईच्या हातच्या लॅटिन अक्षराचा हा आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक.

बोरूबहाद्दर

म्हणजे स्वदस्तूर! आपल्याकडे कारकुनाने पत्र लिहायचं आणि शेवटी धन्याने स्वतःच्या हाताने चार शब्द टाकायचे. त्या ओळी देता का?

गवती_चहा

‘स्पेराबो ते, सोरोर. वाले सोरोर, आनिमा मेआ, इता वालेआम, कारिस्सिमा, एत हावे.’

वाट बघेन गं ताई. सुखी राहा ताई, माझ्या जिवा, तशीच मीही राहो, लाडके. येते.

(शेवटच्या ‘हावे’चं ‘येते’ हे माझं. निरोपाला आपण ‘जाते’ म्हणत नाही म्हणून.)

कोरांटी

हे वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. ‘आनिमा मेआ’ला कार्ड लागणार नाही.

उंटावरचा_शहाणा

मंडळी, मीही चोरून वाचतोय हा धागा. युद्धबिद्ध काहीच नाही का यात? ब्रिटिशांबद्दल काय म्हणतात?

चष्मेबहाद्दर_नाही

164 बघा, एक टिपण आहे. स्थानिक ब्रिटन लोकांकडे घोडेस्वार पुष्कळ, पण ते तलवारी वापरत नाहीत आणि भाले फेकायला बूड टेकत नाहीत, असलं काहीतरी. त्यात त्यांना एकदा ‘ब्रित्तोनेस’ म्हटलंय आणि पुढे ‘ब्रित्तुन्कुली’. ‘-उन्कुलुस’ हा लहानपणाचा प्रत्यय, इथे तुच्छतेने लावलाय. इंग्रजी भाषांतरांत ‘दरिद्री छोटे ब्रिटन’ असं काहीतरी करतात, ती चव येत नाही. म्हाताऱ्याचं म्हातारडा, पोराचं पोरटं, तसं ‘ब्रिटनडे’.

आणि हो, हे व्याकरण मी सीझरकडूनच शिकलो. :)

उंटावरचा_शहाणा

ब्रिटनडे! आजोबांना हा शब्द 1942 ला मिळायला हवा होता.

गवती_चहा

सैनिकी शब्द हवेच असतील तर 154 घ्या, तुंग्रियनांच्या पहिल्या पलटणीची हजेरी, तारीख 18 मे. एकूण 752, त्यात सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचे नायक, 6. गैरहजर 456: कोरिया नावाच्या जवळच्या रोमन ठाण्यावर 337, राज्यपालाच्या पहाऱ्यावर 46, एक सेंच्युरियन थेट लंडनला. ठाण्यावर उरले 296. त्यातले ‘आएग्री’ म्हणजे आजारी 15, ‘वोल्नेराती’ म्हणजे जखमी 6, आणि ‘लिप्पिएन्तेस’ 10. लढायला धड 265.

‘लिप्पिएन्तेस’ला इंग्रजीत लांबलचक वर्णन करावं लागतं. मराठीत दोन शब्द: डोळे आलेले.

सेंच्युरियन असा शब्द लिहीत नाहीत, एक छोटीशी खूण असते. आणि नऊ हा आकडा आपण शाळेत शिकलो तसा दहातून एक वजा करून नाही, पाचापुढे चार काड्या मारून. अशा खुणांचंही एक पान करा.

नीलमोहर

अवांतर, पण राहवत नाही. 184 हा हिशेबाचा कागद आहे, शिपायांच्या नावापुढे वस्तू आणि रक्कम. त्यात तप्पोचा पोर गाम्बाक्स याच्या नावावर ‘पिपेर’, देनारियस (रोमन चांदीचं नाणं) 2. पिपेर म्हणजे मिरी. शब्द ग्रीकमधून लॅटिनमध्ये गेला आणि ग्रीकमध्ये आला आपल्या पिप्पलीवरून. पिप्पली म्हणजे खरं तर लेंडी पिंपळी, पण नाव चिकटलं मिरीला. मिरी मलबारची. मलबार किनाऱ्यावरून लाल समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र करत ती स्कॉटलंडच्या सीमेजवळ एका शिपायाच्या रश्श्यात पडली. लीजनमधल्या, म्हणजे रोमच्या मुख्य फौजेतल्या, पायदळ शिपायाला तेव्हा वर्षाला 300 देनारियस, या मदतनीस पलटणींना त्याहून कमी. म्हणजे दोन देनारियसची मिरी ही चैनच.

खमंग_काकडी

गाम्बाक्सला आमच्याकडचा सांबारमसाला पाठवायला हवा होता.

चष्मेबहाद्दर_नाही

इतकं झालंच आहे तर इजिप्तकडेही जा. तेरेन्तियानुस नावाच्या शिपायाची वडिलांना लिहिलेली पत्रं कारानिसला सापडली, पपायरसवर. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची. त्याचं एक वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय: ‘हिक आउतेम सेने आएरे निहिल फिएत.’ इथे पैशाशिवाय काही व्हायचं नाही. आणि पुढे म्हणतो, शिफारसपत्रांना काडीची किंमत नाही, माणसाने आपलं आपण बघावं. ‘सेने’ हे ‘सिने’चं अशुद्ध रूप. कबूल करतो, ते अशुद्धच लक्षात राहिलं.

उंटावरचा_शहाणा

सातबाऱ्यावर नाव चढवायला गेलो होतो त्या दिवशी हे वाक्य पाठ असतं तर बरं झालं असतं.

बोरूबहाद्दर

चार महिने झाले, धागा थंड. कोरांटीताई, एक ओळ टाकतो. क्राउत्तियुसने आपल्या जुन्या राहुटीवाल्याला, वेल्देदेइयुसला लिहिलेली, नंबर 310. भाषांतर न बघता सांगा:

‘मिरोर क्वोद मिही तोत तेम्पुस निहिल रेस्क्रिप्स्ती.’

कोरांटी

सापडले! नातू झाला, त्या गडबडीत होते. पण वही रोज उघडतेय.

घ्या. मिरोर: नवल वाटतं. क्वोद: की. मिही: मला. तोत तेम्पुस: इतका काळ. निहिल: काहीच नाही. रेस्क्रिप्स्ती हे ‘रेस्क्रिप्सिस्ती’चं बोलण्यातलं आखूड रूप: उलट लिहिलंस. ‘इतके दिवस तू मला काहीच उत्तर लिहिलं नाहीस याचं नवल वाटतं.’ शब्दकोश उघडला नाही, शप्पथ.

आणि तुम्ही एकच ओळ दिलीत, मी आख्खं पत्र वाचून काढलं. पत्ता भारी आहे: ‘लोंदिनी’, म्हणजे लंडनला. घरी, दारी, वनी, तशी लोंदिनी! वेल्देदेइयुस राज्यपालाचा मोतद्दार. पत्र लंडनला गेलं आणि बहुधा त्याच्याच सामानातून व्हिंडोलांडाला येऊन चिखलात पडलं.

पुढे क्राउत्तियुस म्हणतो, तो जनावरांचा वैद्य विरिलिस, त्याला विचार, ‘फोर्फिकेम क्वाम मिही प्रोमिस्सित’, जी कात्री द्यायचं त्याने मला कबूल केलं होतं ती. पैसे देतो म्हणतो, पण कोणाबरोबर तरी पाठव. ‘प्रोमिस्सित’मध्ये तुमचा तो जादा ‘स’ही आहे, गवतीचहा.

तर बोरूबहाद्दर दादा, धाग्याच्या दुसऱ्याच प्रतिसादात तुम्ही एक अक्षरतक्ता ‘स्कॅन करून टाकतो’ म्हणाला होतात. रोगो मित्तास.

बोरूबहाद्दर

अरे देवा. उद्या सकाळी टाकतो.

उंटावरचा_शहाणा

विरिलिसही हेच म्हणाला असणार.